साहेब मराठी शिकला त्याची गोष्ट



या व्याख्यानाचे शीर्षक वाचून एका मास्तरांनी आम्हाला टोकले. ते म्हणाले, ‘‘साहेब मराठी ‘शिकला’ का? साहेबाने भाकरी खाल्ली, साहेबाने पत्र लिहिले, साहेबाने राज्य केले. मग साहेबाने मराठी शिकली असे का नको?’’ मास्तर आमची परीक्षा घेत होते, हे उघड आहे. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते, हा मराठीचा सर्वसाधारण रिवाज. पण बोलणे, विसरणे, शिकणे अशी काही हट्टी क्रियापदे हा रिवाज पाळीत नाहीत. तो मराठी बोलला, तो मराठी विसरला, तो मराठी शिकला. परक्या माणसाची गंमत अशी की, मराठी शिकताना ‘शिकणे’ हे क्रियापदच त्याला पहिल्या पावलाला ठेच लावते.

आम्ही व्याकरणाचे पंडित नव्हे. गिरण्यांच्या आणि पुढे कंत्राटी कामगारांच्या युनियनचे काम करता करता जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल. इंग्रजी शिकलो तेही तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला रात्री चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली घोकून. कायदा इंग्रजीत, मालकाचे पत्र इंग्रजीत, निवाडा इंग्रजीत. न शिकून सांगता कोणाला? पण ती पाने उलटताना मनात एक प्रश्न येई. आम्ही हे पोटासाठी करतो आहोत. ज्या साहेबाने उलट बाजूने, इंग्रजीकडून मराठीकडे, हा घाट चढला, तो कशासाठी चढला? त्याला कोणी शिकवले? आणि कोणत्या जागी तो चढलाच नाही? आजचे व्याख्यान या प्रश्नांपुरतेच आहे.

पहिला साहेब राज्यकर्ता नव्हता, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. थॉमस स्टीफन्स हा विल्टशायरचा इंग्रज १५७९ साली जेझुइट म्हणून गोव्यात उतरला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी जन्माला यायची होती. त्याच्या भोवतीचे राज्य पोर्तुगीजांचे, त्याचा धर्मपंथ त्याच्या स्वतःच्या देशात दडपलेला. म्हणजे दोन्हीकडून हा माणूस परका. सासष्टीतल्या लोकांत राहून तो त्यांची बोली शिकला आणि मराठी काव्याची भाषाही शिकला. १६१६ साली रायतूरला त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. ओव्यांची संख्या दहा हजारांच्या वर. ओवी लिहिणे म्हणजे काही शब्दकोश उघडून शब्द जुळविणे नव्हे. कानात जातेगाणी आणि पोथ्या मुरल्याशिवाय ते साधत नाही. त्याचे कोकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, छापले गेले. धर्मांतर हा त्याचा हेतू होता आणि त्या काळी गोव्यात त्या हेतूपायी काय काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु भाषेपुरते बोलायचे तर हा मनुष्य मराठीच्या उंबरठ्यावर न थांबता माजघरापर्यंत गेला होता.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे कोणा इंग्रजाला मराठीचे व्याकरण लिहिण्याची निकड भासलेली दिसत नाही. निकड आली ती राज्याबरोबर. १८०५ साली विल्यम केरीने बंगालमधील श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. केरी मूळचा चांभारकाम करणारा. आमच्यासारख्याला त्याच्याविषयी जवळीक वाटते ती तेवढ्यासाठी. हातात आरी असताना समोर पुस्तक ठेवून शिकलेला हा माणूस. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण नोकरांना तो मराठी शिकवी. त्याला मराठी शिकविणारे पंडित होते वैजनाथशास्त्री. पुस्तकाच्या शेवटी रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले आहेत. मराठी मुलखात पाय न ठेवता, बंगालमध्ये बसून, एका शास्त्र्याच्या तोंडून ऐकलेली ही मराठी. १८१० मध्ये केरीने कोश काढला, त्याला मोडीचे टाइप पाडले.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि मग मराठी शिकणे ही हौस राहिली नाही, नोकरीची अट झाली. जमाबंदी करायची तर कुळाचे बोलणे कळले पाहिजे, फिर्याद ऐकायची तर साक्षीदाराची मराठी उमजली पाहिजे. अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि पलटणीत दुभाष्याची जागा परीक्षा उतरणाऱ्याला मिळे. याच वातावरणात जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा लष्करातला तरुण अधिकारी मराठी शब्द टिपू लागला. त्याच्याबरोबर जॉर्ज आणि टॉमस कँडी हे जुळे भाऊ होते. १८३१ साली मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. पुढे त्याच्या धर्मबुद्धीला शस्त्राची नोकरी मानवेना, म्हणून त्याने ती सोडली. विलायतेस गेला, पुन्हा परत आला आणि १८५७ साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, कोशाची वाढविलेली आवृत्ती बाहेर पडली. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. १९७५ साली पुण्यात ही आवृत्ती पुन्हा छापली गेली आणि आजही मराठीचा अभ्यास करणारा माणूस अडला की तोच कोश उघडतो. शेतकऱ्याच्या औतकाठीचे शब्द, कारागिरांचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार, सारे त्यात आहे. आमच्या एका सहकाऱ्याने तो रद्दीच्या दुकानात घेतला आणि आपल्या आजीचे विसरलेले शब्द शोधीत तो रात्रभर बसला होता. परक्याच्या कोशात आपली आजी सापडावी, याला काय म्हणावे!

परंतु हे श्रेय एकट्या साहेबाचे नाही. कोशाच्या कामाला सरकारने पंडित नेमले होते. त्याच सुमारास, १८२९ साली, शास्त्री मंडळींचा मराठीचा मराठीत अर्थ देणारा कोश निघाला; जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके ही त्यातली नावे. साहेबाची दौत भरून ठेवणारे हे लोक. आणि त्यांच्याही मागे एक तिसरी रांग उभी आहे, तिची नावे कोठेच नाहीत. शास्त्र्याला नांगराच्या भागांची नावे कोणी सांगितली? मासळीची, होडीची, चामड्याची? ज्याने सांगितली तो निरक्षर होता, म्हणून त्याचे नाव पहिल्या पानावर येण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. मजुरीचा हिशेब करताना प्रत्येक हात मोजायचा, एवढीच आमची सवय.

साहेबाला मराठीत काय जड जात असेल, हे क्षणभर त्याच्या बाजूने पाहू. त्याच्या भाषेत टेबल, खुर्ची, घर यांना लिंग नाही. आपल्याकडे घर ते, भिंत ती, दरवाजा तो. कारण विचारू नये. त्याच्या भाषेत ‘हॉर्स’ हा सगळीकडे ‘हॉर्स’च राहतो. आपला घोडा मात्र प्रत्यय लागण्याआधीच वाकतो: घोड्याला, घोड्याने. घर घराला होते, विहीर विहिरीला होते. शाळेत याला सामान्यरूप म्हणतात. ज्यात सामान्य असे काही नाही.

साहेबाच्याच बेटावर वेल्श नावाची भाषा आहे, तिची रीत याच्याही पलीकडची. मराठी शब्द शेपटाकडून बदलतो, वेल्श शब्द तोंडाकडून बदलतो. बापाला ‘ताद’ म्हणतात, पण ‘त्याचा बाप’ म्हणताना ताचा दा होऊन ‘दाद’, ‘तिचा बाप’ म्हणताना ‘थाद’, आणि ‘माझा बाप’ म्हणताना ‘न्हाद’. कोशात ‘द’खाली शोधावे तर बाप सापडत नाही! वेल्श शिकणारा इंग्रज येथे हटकून घायाळ होतो. पण हा इंग्रज मुळात वेल्श शिकत होता का? १८४६ साली वेल्समधील शिक्षणाची चौकशी करण्यास सरकारने तीन आयुक्त पाठविले. तिघेही इंग्रजी बोलणारे; वेल्श कोणालाच येत नव्हते. त्यांनी अहवाल दिला की, हे लोक मागासलेले, यांची नीती ढासळलेली, आणि यांची भाषा हीच यांच्या प्रगतीच्या आड येणारी धोंड. त्या निळ्या बांधणीच्या अहवालाला वेल्श लोक आजतागायत ‘निळ्या पुस्तकांचा दगा’ म्हणतात. ज्याची भाषा येत नाही त्याची चौकशी करायला बसणे, ही साहेबाची खोड नुसती हिंदुस्थानापुरती नव्हती, हे सांगण्यासाठी एवढा फेरा घेतला.

आता गिरगावात येऊ. १८२९ साली जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरली. दोघे आधी कोकणात बाणकोट-हर्णैकडे राहिली आणि तेथे मराठी शिकली. पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींची शाळा काढली. विल्सनसाहेबांचे नाव चौपाटीसमोरच्या कॉलेजावर आहेच. ज्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर या दांपत्याने पहिले मराठी शब्द उच्चारले, त्याच किनाऱ्यावरून पुढे बोटी भरभरून माणसे गिरणगावात आली. विल्सनसाहेबाच्या कानावर पडलेली मराठी ही आमच्या आजोबांची मराठी होती, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये.

येथे एका मुंबईकराचा उल्लेख केला नाही तर अपराध होईल. दादोबा पांडुरंग तर्खडकर. वय अवघे बावीस असताना, १८३६ साली, त्यांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. साहेबाच्या सोयीसाठी साहेबाने लिहिलेली व्याकरणे होती. दादोबांनी मराठी मुलांसाठी मराठीत लिहिले. मात्र बांधणी करताना इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्या समोर होता. शब्दांच्या आठ जाती, ज्या आपण सर्वांनी छडीच्या धाकाने पाठ केल्या, त्या त्याच वाटेने आल्या. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर टीका केली. तो वाद पंडितांचा, आम्ही त्यात पडत नाही. स्वल्पविराम आणि पूर्णविराम हेही मेजर कँडींच्या खटपटीने रुळले. १८५० साली त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तिकाच काढली. आमच्या लाल बावट्याच्या पत्रकात वाक्यावाक्याला उद्गारचिन्ह असते. त्याचे थोडे देणे कंपनी सरकारच्या मेजरसाहेबाकडे निघते, हे कबूल केले पाहिजे.

इतके झाले तरी एक साहेब राहिलाच. आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा साहेब तोच.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. यंत्रे लँकेशायरची. यंत्रांबरोबर ती बसविणारे, चालविणारे, खात्यांवर देखरेख करणारे मास्तरही लँकेशायरहून आले. कलेक्टर मराठीची परीक्षा देत होता, मिशनरी मराठीत प्रवचन करीत होता. पण गिरणीतल्या या साहेबाला मराठीची अट नव्हती, आणि बहुतेकांनी ती शिकण्याची तसदी घेतली नाही. त्यांचे काम एका माणसाने भागविले. तो म्हणजे जॉबर. जॉबर साहेबाचे दोन-चार डझन शब्द उचलून होता आणि त्याच्या हाताखाली त्याच्याच गावचे, त्याच्याच भावकीतले शेदीडशे कामगार. साहेबाचा हुकूम कामगाराकडे जॉबरच्या तोंडून जाई आणि कामगाराची तक्रार साहेबाकडे जॉबरच्याच तोंडून येई, आली तर. नोकरी देणे, बदली भरणे, खाडे मांडणे, दस्तुरी खाणे, व्याजाने पैसे देणे, ही सत्ता त्याच्या हातात का आली याची कारणे अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ सांगतात. गिरण्यांतल्या मागणीचा चढउतार, खेड्यांतून येणारी माणसे, सारे खरे. पण एक कारण साधे आहे. साहेब मराठी शिकला नाही. दोन माणसांत भाषेची जी फट राहते, तीत तिसरा माणूस दुकान मांडतो.

मारहाण आणि शिवीगाळ या कारणांवरून खात्याखात्यांत जे संप झाले त्यांची मुळे येथे शोधावी लागतात. इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या. साहेबाच्या तोंडचा ‘यू’ जॉबरच्या तोंडून बाहेर पडे तो ‘तू’ होऊनच, आणि वाटेत त्याला आईबहीण चिकटे.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांतल्या स्थितीची चौकशी करण्यास आयोग नेमला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या वर्षी सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरविली आणि मागण्यांचा अर्ज तयार केला: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, जायबंदी झालेल्याला भरपाई. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या त्यावर झाल्या. दीनबंधु पत्र मराठीत चाले, सभा मराठीत झाली, पण मागणी पोहोचायची ती इंग्रजीतूनच. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायांनी भाषणे केली, आणि जूनमध्ये रविवारची सुटी पदरात पडली. लोखंडे स्वतः इंग्रजी जाणणारे होते, म्हणून तर्जुम्यासाठी त्यांना जॉबर लागला नाही. आमच्या चळवळीचा पहिला पुढारी हा एका अर्थाने पहिला प्रामाणिक दुभाषी होय.

आता ज्या एका शब्दासाठी आम्ही हे सर्व पुराण लावले, त्याकडे वळतो.

इंग्रजीत ‘वी’ एकच आहे. मराठीत दोन आहेत: आम्ही आणि आपण. ‘आम्ही निघालो’ म्हटले की समोरचा वगळला. ‘आपण निघू’ म्हटले की समोरचा धरला. लहान मूल हे कधी चुकत नाही. गुजरातीत अमे आणि आपणे आहे. तेलुगूत मेमु आणि मनमु आहे, म्हणून कामाठीपुऱ्यातल्या आणि वरळी-प्रभादेवीतल्या पद्मशाली विणकरांना हा भेद समजावून सांगावा लागला नाही; तो त्यांच्या घरचाच होता. मराठीला ही रीत दक्षिणेकडच्या भाषांच्या शेजारातून मिळाली असावी, असे भाषेचे अभ्यासक मानतात. इंग्रजाला मात्र येथे अडखळायला होते. शिवाय ‘आपण’ मोठ्या माणसाला आदराने म्हणतात तेही, आणि ‘आपण केले ते आपण भोगावे’ यातले ते निराळेच. एका शब्दाला तीन दारे. व्याकरणात हा नियम दोन ओळींत सांगून होतो. पण कलेक्टरसाहेबाला सगळा जन्म ‘आम्ही’वर काढता आला. ‘आपण’ म्हणण्याचा त्याला प्रसंग कोठे होता?

असा प्रसंग आलेला इंग्रज १९२८ साली गिरणगावात होता. बेन ब्रॅडली, लंडनचा इंजिनिअरिंग कामगार. एप्रिल ते ऑक्टोबर सहा महिने दीड लाख कामगार संपावर होते आणि त्या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनच्या कामात ब्रॅडली पडला. त्याला मराठी येत नव्हती. तो इंग्रजीत बोले आणि दुसरा कोणी मराठीत सांगे. कल्पना करा. तो गोरा माणूस कामगारांपुढे उभा राहून ‘वी’ म्हणतो आहे. सांगणाऱ्याने काय म्हणायचे? ‘आम्ही’ म्हटले तर विलायतेचे साहेब येथे बोलताहेत असे होते. ‘आपण’ म्हटले तर राज्यकर्त्यांच्या जातीचा हा माणूस समोरच्या साचेवाल्याच्या शेजारी येऊन बसतो. इंग्रजीत जो निर्णय बोलणाऱ्याला घ्यावा लागला नाही, तो मराठीत दुभाष्याला घ्यावा लागला. त्यांच्या सभांना आमचे आजोबा जात. घरच्या गोष्टींत ब्रॅडलीचे नाव निघाले की आजी ‘तो आपला गोरा’ म्हणे. दुभाष्याने कोणता शब्द निवडला असेल, हे त्यावरून ताडावे.

मार्च १९२९ मध्ये धरपकड झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला. सभांतली मराठी भाषणे पोलिसांचे लघुलेखक टिपून घेत. त्यांचे इंग्रजी तर्जुमे पुराव्यात दाखल झाले. अर्जुन आत्माराम आळवे, कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले आरोपी त्यात होते. आता उलटा प्रवास झाला. मैदानात बोललेले ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्ही न्यायाधीशापुढे ‘वी’ होऊन गेले. कामगाराने समोरच्याला बरोबर घेऊन केलेली विनवणी आणि पुढाऱ्याने दिलेला हुकूम यांत इंग्रजी कागदावर फरक राहिला नाही. कटाचा आरोप असलेल्या खटल्यात ‘आपण’ पुसले जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. १९३३ च्या जानेवारीत शिक्षा झाल्या.

साहेब ‘आपण’ शिकला नाही म्हणून आम्ही इतका वेळ हळहळलो. आता तो शिकल्याचीही एक गोष्ट सांगतो, म्हणजे तराजू सरळ होईल. गिरण्या बंद पडत होत्या त्या काळात एका कारखान्यात आम्ही बोलणी करीत होतो. मालकांचा अधिकारी परप्रांतीय, इंग्रजी शाळेत शिकलेला, पण मराठी त्याने मन लावून कमावली होती. तो सभेत म्हणाला, ‘‘आपली कंपनी अडचणीत आहे. आपल्याला खर्च कमी करावा लागेल. आपण हा निर्णय घेतला आहे.’’ माणसे माना डोलावू लागली. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या फिटरने विचारले, ‘‘साहेब, घरी जाणार ते आपण की आम्ही?’’ अधिकारी गोरामोरा झाला. त्याचे व्याकरण बिनचूक होते. दोन महिन्यांनी सहीसाठी कागद आले ते इंग्रजीत. त्यात ‘वी’ होते. आम्ही ते वाक्यावाक्याने मराठीत करून वाचून दाखविले आणि प्रत्येक ‘वी’पाशी थांबून, हा आपण नव्हे, आम्हीही नव्हे, हा ‘ते’ आहे, असे सांगत गेलो. सह्या झाल्याच; पोटापुढे व्याकरण टिकत नाही. पण सही करताना माणसाला आपण कशावर सही करतो ते ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी बोलणारी माणसे मराठी शिकली ती निराळ्या वाटेने. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या, या देशाच्या नागरिक झाल्या, शाळा चालविल्या. परक्यांना मराठी शिकविणारी पुस्तके त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर तयार केली. केरीच्या पुस्तकातल्या पंडिताप्रमाणे येथे शिकविणारी बाई मागे लपलेली नाही. तिचे नाव शेजारी छापलेले आहे. गेल ऑम्व्हेट याही अमेरिकेच्या. ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी त्या मराठी शिकल्या, दीनबंधुकाळातले कागद त्यांनी वाचले, आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला संसार मांडून २०२१ मध्ये तेथेच देह ठेवला. लोखंड्यांना आमच्या पिढीपर्यंत पोहोचविण्यात या परभाषक बाईंचा वाटा आहे. अशा माणसाला ‘आम्ही’त धरायचे की नाही, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

वेल्समध्ये समुद्रकाठी नांत ग्वर्थेर्न नावाची खाणकामगारांची एक वस्ती होती. दगडखाण बंद पडली, वस्ती ओस पडली. १९७८ मध्ये एका न्यासाने ती विकत घेतली, कामगारांची घरे डागडुजी करून उभी केली आणि १९८२ साली तेथे वेल्श भाषेचे वर्ग सुरू झाले. आता इंग्रज लोक पैसे भरून तेथे राहतात आणि ‘ताद’चा ‘दाद’ कसा होतो ते घोकतात. त्याच १९८२ च्या जानेवारीत आमच्याकडे गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. आमच्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले, ते लालबाग-परळात राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्या काचेच्या इमारतींच्या दारात आज जे रखवालदार उभे असतात, त्यांतले पुष्कळ बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे. दर रविवारी सकाळी लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत त्यांतले पंधरा-वीस जण आमच्याकडे मराठी शिकायला बसतात. कोणाच्या धाकाने नव्हे. सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलता यावे आणि युनियनच्या सभेत काय चालले आहे ते कळावे म्हणून. पुस्तक नाही, फळा आहे. हिंदीत ‘हम’ एकच, त्यामुळे साहेबाची अडचण तीच यांची. गेल्या महिन्यात आम्ही फळ्यावर आम्ही आणि आपण लिहिले, उदाहरणे दिली. दरभंग्याकडचा एक पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘काका, हमारी पगारवाढीची बात सुपरवायझरके सामने करनी हो, तो वहाँ ‘आम्ही’ बोलायचे की ‘आपण’? तो भी तो नौकरच आहे.’’

बाकीचे हसले. आम्हाला मात्र चटकन उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी तो सुपरवायझरच येऊन मागे उभा राहिला. त्यालाही मराठी शिकायची होती. त्या दिवशी ‘शिकणे’ या क्रियापदाचा भूतकाळ घेतला.